प्रदेशनिष्ठ

रंगाऱ्याने पातं काचेवर टेकवलं आणि आधी 'निष्ठ' निघालं. तो उजवीकडून खरवडत होता म्हणून. पांढऱ्या रंगाची भुकटी खाली पडली, नेमकी तिथे, जिथे रोज शाळेतली मुलं काचेला नाकं लावून उभी राहतात. 'प्रदेश' तेवढा मागे उरला. रंगारी मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिला. "एवढं राहू दे का, बाई? एवढ्याला तरी अर्थ लागतोय." दाराशी स्टुलावर बसलेला पहारेकरी म्हणाला, "काढून टाक रे. निष्ठा गेल्यावर प्रदेश काय चाटायचाय?" मी हसले. हसायलाच हवं होतं. पहारेकऱ्याच्या विनोदाला आख्ख्या दालनात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नाही. पण पात्याचा तो आवाज माझ्या दातांत गेला आणि दिवसभर तिथेच राहिला.

काचेच्या आत कातळी होती. कातळी हे आमच्या संग्रहालयाचं मानाचं फुलपाखरू. पंख मिटून बसलं की दगडाची कपची, उघडले की आतून असं निळं की मुलं 'हा!' करतात आणि मग आपण 'हा!' केलं म्हणून एकमेकांकडे बघून हसतात. शहराच्या मागे काळ्या दगडाचं पठार आहे. त्यावर एक बुटका वेल उगवतो, दगडवेल. कातळीचा सुरवंट त्याची पानं सोडून दुसरं काही खात नाही. म्हणून कातळी त्या पठारावर, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशा जिवाला प्रदेशनिष्ठ म्हणतात. शब्द मोठा आहे, मुलांच्या तोंडात मावत नाही. मी तो दोन घासांत भरवते, आधी प्रदेश, मग निष्ठ. निष्ठा म्हणजे काय, असं विचारलं की एखादं पोर हमखास सांगतं, "कुत्र्याला असते ती." मग मी म्हणायची, "बरोबर. काही जीव असे असतात, बाळांनो, की त्यांचं एकाच जागेवर प्रेम असतं. कुणी कितीही बोलावलं तरी ते जात नाहीत." हे वाक्य माझं नव्हे, नानांचं. नाना म्हणजे माझे वडील. याच संग्रहालयात ते फुलपाखरं पकडायचं आणि टाचायचं काम करत. काचेतली कातळी त्यांनीच टाचलेली. खाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव आहे. हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं तेव्हा माझं नाक काचेच्या खालच्या कडेपर्यंत जेमतेम पोचत होतं, आणि ते मला सुरवंट म्हणत असत. लाडाने. पुढे माझे केस पिकायला लागले तरी आई मधूनच म्हणते, "ये गं सुरवंटा, जेवून घे." सुरवंटाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मग ती बुटवाली आली. आम्ही तिला बुटवाली म्हणतो, कारण तिच्या बुटांचा चिखल दालनात तिच्याआधी पोचतो. तरुण संशोधक मुलगी. भूक लागली की भूक लागली म्हणते, समजलं नाही की समजलं नाही म्हणते, मला आवडते. तिला पलीकडच्या डोंगररांगेत, जिथे जायला रेल्वेने एक रात्र आणि पुढे अर्धा दिवस लागतो तिथे, दगडवेल सापडला आणि त्यावर कातळी. एखादी वाट चुकलेली नव्हे, थव्यांनी. जाणकारांनी नमुने तपासले, तीच जात ठरली. प्रमुख साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "काचेवरचं बदलून घ्या. विज्ञानात असं व्हायचंच." वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी मनाने मास्तरीण आहे. चूक सापडली की खोडायचं आणि पुन्हा लिहायचं, याला अभ्यास म्हणतात, हे मी मुलांना इतकं सांगितलंय की माझं मलाही पाठ झालंय. रंगारी शिडी उचलून निघून गेला तेव्हा ती मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला जरा अपराधी वाटत होतं. मीच तिची समजूत काढली. "अगं, नाना असते तर त्यांनी पातं स्वतःच्या हातात घेतलं असतं. त्यांनी काय कमी शोधलं? दरवर्षी जायचे तिकडे. त्यांना नाही दिसली. ज्याचं त्याचं नशीब."

"दरवर्षी?" ती म्हणाली. "त्याच रांगेत?"

त्याच रांगेत. पाऊस सरून डोंगर वाळायला लागले की नाना महिनाभर जात. फिरतीचा परवाना, जाळी, फळ्या, टाचण्यांची डबी, उन्हाची टोपी. कातळी फक्त आपल्या पठारावर आहे असं छापायचं तर ती दुसरीकडे नाही हे कुणीतरी बघून यायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे नाना. मी एकदा विचारलं होतं, "गेल्या वर्षी बघितलं ना, नाही म्हणून? मग परत कशाला?" तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं होतं. किती छान समजावत ते. "एखादी गोष्ट आहे हे सांगायला ती एकदा दिसली तरी पुरतं, सुरवंटा. पण नाही हे सांगायचं तर पुन्हा पुन्हा जावं लागतं." त्या वाक्याने मी इतकी भारावले की दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना ऐकवलं. पुढे आयुष्यभर मुलांना ऐकवत आले. नाना परत येत तेव्हा जिन्यातूनच ओरडत, "नाही!" आणि मी टाळ्या वाजवायची. नाही म्हणजे आपलीच. नाही म्हणजे आपण जिंकलो. आई त्यांच्या हातातली पिशवी घेऊन आत जायची. ती टाळ्या वाजवत नसे, पण आई मुळात टाळ्या वाजवणाऱ्यांतली नव्हतीच.

मुलगी माझ्या मागोमाग कामाच्या खोलीत आली. ही खोली दालनाच्या मागे आहे. उत्तरेकडची खिडकी, लांब टेबल, कपाटांतून डांबराच्या गोळ्यांचा वास. हा वास माझ्या कपड्यांना इतका मुरलाय की बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडते आणि मला आधी कळतच नाही का ते. तिने पिशवीतून एक पुडकं काढलं; पलीकडच्या रांगेतली एक कातळी, घडी घातलेल्या कागदात, पंख मिटलेली. नवीन फलकाशेजारी ठेवायला हवी होती. मग तिने फोन काढला. "ताई, अजून एक. तुम्हाला टाचणीतलं कळतं म्हणून विचारते. हे बघा." फोटोत एक चौकट होती, लाकडाची, कडेला वाळवी लागलेली, आणि तिच्यात एक कातळी. निळा उतरून राखेवर आला होता.

"हे कुठलं?"

"तिकडचंच. मी एका घरी पाणी मागायला गेले. बसा म्हणाले. बसले, समोर बघते तर भिंतीवर ही! मी ओरडलेच. त्या काकांना म्हटलं, कुठून आणलीत? तर ते म्हणतात, आणायची कशाला, परसात उडतात की. वडिलांनी केलीय, मी लहान होतो तेव्हा."

"वडील काय करायचे?"

"फिरतीची नोकरी म्हणाले. वर्षातून एकदा यायचे." ती हसायला लागली. "काका भारी होते हो. म्हणाले, आमचे वडील म्हणजे पाहुणाच. कातळ्या उडायला लागल्या की यायचे, कातळ्या संपल्या की जायचे. आई म्हणायची, बघ, तुझ्या बापाचीही अळी कुठेतरी दुसरीकडे पोसतेय." मग ती गंभीर झाली आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. "पण मला हे विचारायचं होतं. मिशीपाशी हे काय आहे? बुरशी म्हणू का? जुना नमुना म्हणून नोंदवायचाय, तर नीट लिहायला हवं."

ती बुरशी नव्हती. तो केस होता. आणि इथे मला नानांची रीत सांगायला हवी, कारण ती कुठल्या पुस्तकात नाही. फुलपाखरू टाचताना पंख पसरून कागदाच्या पट्ट्यांखाली दाबतात, ते सगळेच करतात. पण मिशा वाळताना वाकड्या होतात. त्या सरळ राहाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना टाचण्या रोवून त्यांना दोऱ्याने आधार देतात. दोऱ्याला कूस असते, बारीक सुटे तंतू. मिशी कुसाला धरते आणि सोडवताना तुटते. म्हणून नाना केस वापरत, बाईमाणसाचा लांब केस. आई विंचरायला बसली की फणीतला केस बोटाला गुंडाळून काडेपेटीच्या रिकाम्या डबीत ठेवायची, आणि ती डबी नानांच्या पेटीत असायची. वाळल्यावर केस अलगद निघून यायचा आणि मिशा अशा उभ्या राहायच्या, की साहेब लोक विचारत, काय हो, तुमच्या फुलपाखरांना कसली एवढी बातमी लागलीय? मला नानांनी ही रीत शिकवली तेव्हा म्हटलं होतं, "हे आपल्या घरातलं. कुणाला सांगायचं नाही." मी कुणाला सांगितलं नाही. अजूनही तसंच करते. आईचे केस पांढरे झाले, विरळ झाले, पण डबी तीच आहे. टेबलाच्या खणात, फोटोपासून हातभर अंतरावर ती त्या क्षणी होती.

आईचे केस सरळ. पाण्यात टाकला तरी केसाला बाक यायचा नाही. फोटोतल्या केसाला वळण होतं. टाचणीपासून टाचणीपर्यंत जाताना तो मध्येच सुटून उसळला होता, वेलाच्या तणाव्यासारखा, आणि उजेडात तांबूस दिसत होता. आणि नानांनी तो काढला नव्हता. संग्रहालयातल्या त्यांच्या शेकडो फुलपाखरांत एकावर तरी केस राहिलेला दाखवावा. पुसून, फुंकून, भिंग लावून बघायचा तो माणूस. विसरला नव्हता. ठेवला होता. "अजून एक फोटो आहे, काकांचा," असं म्हणत मुलीने बोट सरकवलं. चौकट छातीशी धरून उभा असलेला एक माणूस, माझ्याहून थोडा लहान, हसरा. मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. चौकटीवर त्याचा डावा अंगठा होता, रुंद, टोकाशी चपटा, चमच्यासारखा. माझा अंगठा मी टेबलाखाली नेला. "सांगते उद्या," मी म्हणाले. "भिंगातून बघायला हवं." ती बरं म्हणाली आणि गेली. तिच्या बुटांचे ठसे फरशीवर वाळत राहिले.

सुरुवातीला मला फक्त एवढंच वाटलं, की नानांना कातळी दिसली होती. दुसरं काही नाही. बायका, मुलगा, घर हे सगळं कुठेतरी बाजूला उभं राहिलं, बोलावण्याची वाट बघत. आधी आला तो राग फुलपाखराचा. परसात उडतात की! ज्याच्या नसण्याची खात्री करायला तो माणूस आयुष्यभर गेला, ते त्याच्या ओसरीवर उडत होतं. त्याने ते पकडलं, टाचलं, भिंतीवर लावलं, आणि परत येऊन जिन्यातून ओरडला, नाही. मग हळूहळू त्याचा हिशोब मला दिसायला लागला, एखादं कोडं सुटताना दिसतो तसा, आणि मास्तरणीच्या खोडीने मी त्याला आधी शाबासकीच दिली. सापडली असं कळवलं असतं तर काय झालं असतं? साहेब गेले असते, जाणकार गेले असते, त्या गावात तंबू पडले असते. मग नानांना पाठवायचं कारणच उरलं नसतं, कारण आहे हे सांगायला एकदाच पुरतं. नाही म्हणत राहिलं की मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. हे त्याने मला समोर बसवून समजावलं होतं. नुसतं खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. त्याने मला खरं सांगितलं होतं आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे हे मानाचं फुलपाखरू, ज्याचं चित्र आमच्या तिकिटावर आहे, पहारेकऱ्याच्या बिल्ल्यावर आहे, ते प्रदेशनिष्ठ होतं ते एवढ्यासाठीच, की एका माणसाला वर्षातला एक महिना हवा होता.

बस मिळाली पण मी बसले नाही, उभीच राहिले. दांड्याला धरलेला माझा अंगठा मला दिसत होता. मला मास्तर आठवला. त्याला मास्तर म्हणतात कारण तो खरोखरच मास्तर होता, शाळेतला; मुलांची रांग घेऊन संग्रहालयात यायचा आणि मुलांपेक्षा जास्त प्रश्न विचारायचा. पाखरूबाई हे माझं नाव त्यानेच पाडलं, मुलांनी फक्त चालवलं. त्याला दूरच्या गावी मोठ्या शाळेवर नेमलं तेव्हा तो घरी आला. नाना जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. आई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसली होती. त्याने सरळ विचारलं, येतेस का? मला जायचं होतं. हे मी कधी मोठ्याने म्हटलेलं नाही, पण माझे पाय जायला निघाले होते हे मला आठवतं. चपला कुठे आहेत हे डोळ्यांनी बघून ठेवलं होतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "आम्ही कातळीच्या कुळातले. आम्हाला दुसरीकडे करमत नाही." हसत म्हणाले. त्यालाही हसू आलं. म्हणाला, "बाई, कातळीला कुणी विचारलंय का?" तो गेल्यावर मी फार थोर झाल्यासारखी वावरत होते. काही दिवस तर आरशातसुद्धा मी जरा वेगळी दिसत होते, उंच. नानांचा शब्द मी राखला होता ना. घर, आई, काचेतलं फुलपाखरू, सगळं एका टाचणीवर नीट बसवलं होतं. निष्ठा! सुरवंटाला कसली निष्ठा? त्याला दुसरं पचत नाही एवढंच. पान संपलं की तो मरतो, त्याला लोक प्रेम म्हणतात. आणि ज्याला दोन ठिकाणची पानं पचत होती, तो मला हे शिकवून गेला.

आई विंचरत बसली होती. संध्याकाळी उजेड असतो तोवर बाल्कनीच्या दाराशी बसून ती विंचरते. आता विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण हात चुकत नाही. ऐकायला कमी येतं असं ती म्हणते, मला मात्र तिला हवं ते सगळं ऐकू आलेलं दिसतं. मी पाणी प्यायले, तिच्यासमोर पायरीवर बसले. सांगायचं नाही असं बसमध्ये ठरवून आले होते. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याचा फोटो पुसला तिला या वयात काय सांगायचं? पोटात ठेवायचं. मी ठेवतेच की सगळं. पण तिने फणीतला केस काढला, बोटाला गुंडाळला आणि सवयीने माझ्यापुढे धरला, डबीत टाक म्हणून, आणि माझं ठरलेलं सुटलं.

"आई, कातळी तिकडे सापडली."

"कुठे तिकडे?"

"नाना जायचे तिकडे."

फणी थांबली नाही. "मग? सापडायचीच."

"नानांनी टाचलेली आहे एक. एका घरात, भिंतीवर."

"बरी आहे का?"

"कोण?"

"कातळी गं. रंग उडाला असेल. ते काचेमागे कापूर ठेवायला विसरायचे."

तिने फणी उलटी करून मांडीवर झटकली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आम्ही दोघीही जणू तिच्यासाठीच थांबलो होतो. ती एकदाची सुरू झाली, गेली.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"एकदा डबी इथेच राहिली," आई म्हणाली. "फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी. ते गेल्यावर मला दिसली. म्हटलं, झालं! आता हा माणूस मिशा कशाने बांधणार? दोऱ्याने बांधेल आणि तोडून आणेल, मग साहेब बोलतील. महिनाभर जिवाला घोर. आले तेव्हा आधी पेटी उघडून बघितली. सगळ्या मिशा सरळ."

"मग तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हटलं, छान झाल्यात."

"आणि ते?"

"ते हात धुवायला गेले."

मला हसू आलं की काय ते समजेना. घशातून काहीतरी निघालं, आईने पाणी पी असं हाताने खुणावलं. मला तिची कीव यायला हवी होती. बसमध्ये मी तिच्यासाठी केवढी कीव साठवून आणली होती, आता ती कुठे ठेवावी कळेना. ती तशीच ताठ बसली होती, फणी हातात, एखादी जुनी बाजारातली भांडणाची गोष्ट सांगून संपवावी तशी. आणि मग मला दिसलं, की ती त्याच खुर्चीत बसली आहे.

"मास्तर आला होता तेव्हा तू इथेच होतीस," मी म्हणाले.

"होते ना."

"मी काय म्हणाले ते ऐकलंस."

"तेव्हा कान चांगले होते."

"मी त्या शब्दापायी राहिले गं, आई. नानांचा शब्द म्हणून. तुला ठाऊक होतं तो फुकाचा आहे. एकदा म्हणायचंस. नंतर म्हणायचंस, पत्र तरी टाकलं असतं मी त्याला."

आईने केसांचा एवढासा बुचडा बांधला. दोन वेळा आकडा निसटला, तिसऱ्यांदा बसला. "सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. भाजीवाल्याशी बोलताना असतो तसा आवाज. "ते जायचे तरी परत यायचे. तू गेली असतीस ती गेलीच असतीस. दोघं गेलेली मला नसती सोसली. त्यांना बांधायला माझ्याकडे केस होता, तो पुरला नाही. तुला बांधायला त्यांचा शब्द होता. आयता. मी कशाला सोडते?" मग थोड्या वेळाने, "तुला काय कमी झालं इथे? पोरं किती मानतात." आणि आणखी थोड्या वेळाने, "दिवा लाव गं सुरवंटा. दिसत नाही." मी दिवा लावला. दिवा लावताना माझा हात जराही थरथरला नाही याचं मला वाईट वाटलं. एवढी वर्षं ज्या हाताला मिशा तुटू द्यायच्या नाहीत एवढंच शिकवलंय, तो आणखी काय करणार?

सकाळी मी लवकर गेले. बुटवालीने आणलेली कातळी ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून मऊ केली होती, ती फळीवर घेतली. पंख उघडले. निळा असा ताजा, की क्षणभर मीसुद्धा 'हा' म्हणाले. पट्ट्या लावल्या, टाचण्या रोवल्या. खण उघडला, काडेपेटीची डबी काढली. आत आईचे केस होते, पांढरे, एकमेकांत गुंतून कोळ्याच्या घरासारखे झालेले. मी डबी मिटली, परत खणात ठेवली आणि शिवणाच्या रिळाचा दोरा तोडून घेतला. जगातले बाकी सगळे करतात तसं. उजवी मिशी नीट बसली. डावी बसवताना दोरा जरा सरकवायचा होता, तर ती कुसाला धरून आली आणि मुळाशी तुटली. आवाजसुद्धा होत नाही. मी तो तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन बघत बसले होते तेव्हा मुलगी आली.

"अरेरे, ताई! तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

"असू दे, मी दुसरी आणीन. तिकडे ढिगाने आहेत." तिने स्टूल ओढलं. "ते बघितलंत का? बुरशी आहे?"

"केस आहे. मिशा सरळ राहायला लावतात."

"केस? कुणाचा?"

"त्या घरातल्या बाईचा."

ती लिहीत होती. "ही रीत मी कुठे वाचली नाही. कोण करायचं असं?"

खिडकीबाहेर माळी झारीने कुंड्यांना पाणी घालत होता, रोजच्यासारखा, रिकाम्या कुंडीलासुद्धा. मी अजून म्हणू शकले असते, कुणास ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरात सगळ्यांनीच ती झाकली होती. एकाने मोठ्याने नाही म्हणून, एकीने छान झाल्यात म्हणून, आणि मी टाळ्या वाजवून. "दालनात जा," मी म्हणाले. "कातळीच्या काचेत खाली बारीक अक्षरांत नाव आहे. ते लिही. टाचणारा तोच." तिची पेन्सिल थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, टेबलावर उघड्या पडलेल्या अंगठ्याकडे, आणि तिचा चेहरा सावकाश बदलला. काही विचारायला तिने तोंड उघडलं. मी म्हणाले, "आधी लिहून ये. विसरशील." ती उठून गेली, पहिल्यांदाच बुटांचा आवाज न करता.

तेवढ्यात पहारेकऱ्याची हाक आली, "बाई, तुमची पलटण!" मी हात धुतले, बाहेर गेले. नेहमीची रांग होती, एकमेकांची दप्तरं ओढणारी. नवीन फलक अजून लागला नव्हता. काच मोकळी होती. पण इतकी वर्षं तिथे रंग होता त्यामुळे त्याच्याखालची काच बाजूच्या काचेसारखी धुरकटली नव्हती. उजेड तिरका आला की अक्षरं दिसत होती, आधी होती त्यापेक्षा स्वच्छ. दोन शेंड्यांची एक मुलगी काचेला नाक लावून ती वाचत होती, अक्षर अक्षर चावत. "प्र-दे-श-नि... बाई, हे पुसलंय, पण दिसतंय. म्हणजे काय?"

वाक्य जिभेवर आलंच होतं. काही जीव असे असतात, बाळांनो. ते मी गिळलं. मुलं वाट बघत होती. मुलांना वाट बघायला लावू नये, ती लगेच दुसरीकडे बघायला लागतात. "प्रदेशनिष्ठ," मी म्हणाले. "म्हणजे, ज्याला दुसरीकडे अजून कुणी बघितलेलं नाही."

दोन शेंड्यांनी यावर विचार केला. तिच्या श्वासाने काचेवर एक गोल धुकं आलं होतं, त्यात ती बोटाने रेघ ओढत होती. मग ती वळून माझ्याकडे बघायला लागली, फुलपाखराकडे बघत होती तशीच, बारकाईने.

"बाई, तुम्हाला बघितलंय का कुणी दुसरीकडे?"

"नाही," मी म्हणाले. "चला, रांगेत. पुढच्या काचेत भुंगे आहेत."